खाडीवरचा पराशर

नायगाव सोडलं की लोकलचा आवाज बदलतो. जमिनीवरचा खडखडाट संपतो आणि पुलाचा पोकळ, घुमणारा नाद सुरू होतो. मिठागरं मागे पडतात, पाणजू बेट दिसतं. भरती असली तर पाणी खारफुटीच्या फांद्यांपर्यंत चढलेलं असतं. भाईंदर येईपर्यंतच्या त्या थोड्या वेळात माझ्या मनात गेली कित्येक वर्षं एकच पद सुरू होतं : ‘मत्स्यगंधा’ नाटकातलं, कमळाच्या पाकळ्यांशी गुंतून पडलेल्या हृदयाचं. आवाज रामदास कामत यांचा.

यात नवल नाही. ती गोष्टच मुळी होडीतली. कोळ्यांच्या राजाची मुलगी सत्यवती नदीवर होडी चालवते, पलीकडे जाणाऱ्यांना उतरवते. पराशर ऋषी होडीत बसतात आणि पैलतीर येण्याआधीच तपश्चर्या बाजूला राहते. महाभारतात ते भोवती धुकं निर्माण करतात, तिच्या अंगाचा मासळीचा वास घालवून तिला सुगंध देतात आणि तिचा मुलगा बेटावर जन्माला येतो, म्हणून तो द्वैपायन. पाचूबंदरला बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात वाढलेल्या माणसाला ही कथा पुराणातली वाटतच नाही. होडी, खाडी, बेट, कोळीण, पहाटेचं धुकं, सगळं आमच्या दारातलं. 2024 मध्ये वसई ते भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा तिच्या कठड्याला टेकून उभा राहिलो आणि पाणी कापताना होणारा तो घरघरता षड्ज ऐकत राहिलो. पद आपोआप त्यावर बसलं.

पण मला रामदास कामतांकडे नेलं ते नाटकाने नव्हे, देवळाने. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्तमंदिर. आमच्या पॅरिशच्या कॉयरमध्ये मी टेनर गायचो. वसईत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस हे चार गट इथल्या शेतकऱ्यांच्या, भाजीवाल्यांच्या, मास्तरांच्या पोरांनाही ठाऊक असतात. आमचे कॉयरमास्टर, आम्ही त्यांना सर म्हणायचो, सरावाच्या वेळी एकच गोष्ट शंभरदा सांगत. टेनर हा शब्द लॅटिन ‘तेनेरे’वरून आला. तेनेरे म्हणजे धरून ठेवणे. मध्ययुगात चर्चमध्ये अनेक आवाजांचं गायन सुरू झालं, तेव्हा मूळ स्तोत्राची चाल लांब-लांब सुरांत धरून ठेवण्याचं काम ज्या आवाजाकडे होतं, तो टेनर. बाकीच्यांनी त्याच्याभोवती नक्षी काढायची. “तुमचं काम उंच चढायचं नाही,” सर म्हणत, “धरायचं आहे. आणि श्वास घेतलेला दिसता कामा नये.” एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी मला घरी बोलावलं आणि टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट लावली. “आता हा टेनर ऐक,” म्हणाले. कॅसेट नाट्यगीतांची होती.

तोवर मी कामतांना आकाशवाणीवर ‘आपली आवड’मध्ये ऐकलं होतं, जेवता-जेवता, अर्ध्या कानाने. त्या दिवशी पहिल्यांदा बसून ऐकलं.

फ्रेंच लोकांची एक नाट्यजात आहे, ऑपेरेटा. ऑपेरात सगळंच गाऊन सांगतात. ऑपेरेटात माणसं बोलतात, बोलता-बोलता गातात आणि पुन्हा बोलू लागतात. म्हणजे रचनेने ती आपल्या संगीत नाटकाची लांबची बहीणच. 1855 मध्ये ऑफेनबाखने पॅरिसमध्ये ‘बूफ-पारिझियाँ’ नावाचं छोटं नाट्यगृह सुरू केलं आणि हा प्रकार फोफावला. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं ते 1880 मध्ये. ऑपेरेटातल्या टेनरची अडचण ऑपेरातल्या टेनरपेक्षा वेगळी. त्याला आधी माणसासारखं बोलायचं असतं आणि पुढच्याच क्षणी, त्याच माणसाच्या तोंडून, सूर काढायचा असतो. बोलणं आणि गाणं यांच्यामधला उंबरठा ओलांडताना पाय अडखळला की पात्र तिथेच पडतं, उरतो तो फक्त गवई. 1864 मध्ये ऑफेनबाखचं ‘ला बेल एलेन’ आलं. त्यात ट्रॉयच्या राजपुत्राची, पॅरिसची, भूमिका झोझे द्युपुई यांनी पहिल्यांदा केली. हा माणूस गायकाइतकाच विनोदी नट म्हणून नावाजलेला. मेंढपाळाच्या वेशात आलेला पॅरिस इडा पर्वतावरच्या तीन देवींच्या सौंदर्याच्या भांडणाची हकिकत गाऊन सांगतो, ती जागा टेनरची.

आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1964 मध्ये, मराठीत ‘मत्स्यगंधा’ आलं. तिकडे होमराच्या महाकाव्यातली सुंदरी, इकडे व्यासांच्या महाकाव्यातली. ऑफेनबाखने देवदेवतांची टर उडवून आपल्या काळच्या पॅरिसवर बोट ठेवलं. वसंत कानेटकरांनी टर उडवली नाही. त्यांनी ऋषीच्या तोंडी प्रेमाची कबुली घातली आणि ती खरी मानली. ती कबुली प्रेक्षकाला खरी वाटावी, दाढीजटांतल्या माणसाचं हे काय चाललंय असं कुणाला वाटू नये, हे सगळं ओझं एका आवाजावर पडलं. तो आवाज तेव्हा तेहतीस वर्षांचा होता.

रामदास कामत यांचा जन्म 18 फेब्रुवारी 1931 रोजी गोव्यातल्या म्हापशाचा. गोव्यात देवळाच्या उत्सवात नाटक होतंच. तिथलं पोर नाटक बघत नाही, नाटकात वाढतं. पुढे मुंबईत नोकरी आणि नोकरी सांभाळून रंगभूमी. गोपीनाथ सावकार, गोविंदराव अग्नी, यशवंतबुवा जोशी आणि पं. जितेंद्र अभिषेकी अशांकडून ते शिकले. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘होनाजी बाळा’ ही जुनी परंपराही त्यांनी केली आणि ‘मत्स्यगंधा’, ‘ययाति आणि देवयानी’, ‘मीरा मधुरा’ ही नवी वाटही. 2009 मध्ये बीडच्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 8 जानेवारी 2022 रोजी, नव्वदीत, मुंबईत गेले. जीवनक्रम एवढाच. मला सांगायचं आहे ते या आवाजाने शब्द कसा धरला त्याबद्दल.

‘मत्स्यगंधा’ गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणलं. मुंबईत 1919 मध्ये स्थापन झालेली ही गोवेकरांची संस्था. संगीत अभिषेकींचं, म्हणजे मंगेशीचं. सत्यवती झालेल्या आशालता गोव्याच्या, पराशर म्हापशाचा. गोवा मुक्त होऊन तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती. नाटककार मात्र नाशिकचे प्राध्यापक आणि पदंही त्यांनी स्वतःच लिहिलेली. नाशिकचे शब्द आणि गोव्याचा गळा, हा संयोग पुढेही टिकला. 1966 मध्ये ‘ययाति आणि देवयानी’ आलं तेव्हा नाटककार होते वि. वा. शिरवाडकर, पुन्हा नाशिकचेच, आणि चाली पुन्हा अभिषेकींच्या.

अभिषेकींनी काय बदललं, हे लोकांना ठाऊक आहे, पण ते नीट सांगितलं जात नाही. ‘त्यांनी पदं आटोपशीर केली’ एवढं म्हणून विषय मिटवतात. आटोपशीर कोणीही करेल. जुन्या नाटकात पद सुरू झालं की नाटक थांबायचं, गवई रंगात यायचा, वन्स मोअर पडायचे, पहाट व्हायची. त्या काळाचा तो आनंद मोठाच होता, मी त्याला नाव ठेवणार नाही. अभिषेकींनी पदाची चाल शब्दाच्या बोलण्याच्या ढंगातून काढली. वाक्य जिथे उसासा टाकेल तिथे सूर खाली आला, वाक्य जिथे थबकेल तिथे चाल थबकली. राग त्यात आहे, पण तो घराच्या पायासारखा, जमिनीखाली. अशी चाल गाण्यासाठी गवई हवाच, पण स्वतःला आवरणारा गवई हवा. तान घशात तयार असून ती न घेणारा. कामत हे त्या चालींचं खरं उत्तर होते.

आता ते कमळाचं पद. पहिलाच शब्द घ्या, ‘गुंतता’. या शब्दात काहीतरी अडकलेलं आहे, ते उच्चारातच कळतं : अनुस्वाराला जीभ चिकटते, मग ‘त’वर ‘त’. घाईने म्हटलं तर शब्द फुटतो, लाडाने म्हटलं तर चिकट होतो. कामत तो शब्द सरळ म्हणतात. जणू बोलणंच चाललं आहे आणि बोलता-बोलता त्याला सूर लागला आहे. उंबरठा कुठे ओलांडला ते कळतच नाही. मी हे कित्येकदा ऐकून बघितलं, नेमकं कुठे गद्य संपलं आणि कुठे गाणं सुरू झालं ते पकडायला. नाही सापडलं. व्यंजनं त्यांच्याकडे कधी गिळली जात नाहीत. जोडाक्षर आलं की बहुतेक गायक त्यावरून घसरत जातात किंवा त्यावर ठेच लागल्यासारखे अडतात. कामत जोडाक्षराला सुपारीसारखं अलगद फोडतात, दोन्ही भकलं वेगळी दिसतात आणि चव एकच लागते. कोकणीत वाढलेल्या जिभेला नाकातले स्वर जन्मजात ठाऊक. अनुस्वाराचा तो गोवेकरी ओलावा त्यांच्या मराठी उच्चारात राहिला, त्यांनी तो खरवडून काढला नाही, हे आमचं भाग्य.

आणि तो आवाज! टोकदार, वरच्या पट्टीत सहज राहणारा, पण टोकाला धार नाही, ओल आहे. वसंतराव देशपांड्यांचा गळा विजेसारखा, कुठून कुठे झेपावेल सांगता येत नाही. 1967 च्या ‘कट्यार’मध्ये अभिषेकींनी त्या गळ्याला साजेल अशीच वीज पेरली. मास्टर दीनानाथांची तान म्हणजे तलवार. कामतांकडे ही शस्त्रं नाहीत. दीनानाथांवर जीव असलेले माझे काही स्नेही कामतांना ‘गोड’ म्हणतात आणि त्या गोडव्यात थोडी कुरबूर असते. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतो, पण मला पटत नाही. ऋषी प्रेमात पडतो तेव्हा त्याने तलवार चालवावी असं मला वाटत नाही. त्याला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं पाहिजे. आजवर मंत्र म्हटलेला गळा, त्यातून हे काय निघतंय! कामतांच्या पराशरात ते नवल आहे. संकोच आहे, पण लाज नाही.

याच पराशराचं दुसरं पद मीलनाच्या संकेताची आठवण ठेव, असं विनवणारं. आणि त्याच नाटकात कामतांच्या गळ्यातून तिसरं पद येतं, शुभ्र हिमशिखरांनी घातलेल्या हाकेचं. नाटकातल्या त्यांच्या जागा बाजूला ठेवून मी ही पदं माझ्या मनात अशी लावून घेतली आहेत : गुंतणं, विनवणं, निघून जाणं. पहिल्यात आवाज जवळ आहे, होडीच्या रुंदीएवढ्या अंतरावर. बोललेलं पलीकडच्या काठाला ऐकू जाऊ नये, इतका. तिसऱ्यात तोच आवाज मोकळ्या आकाशाला लागतो. स्वरांतर वाढतं, शब्दांच्या मधली जागा वाढते, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस आता होडीत नाही. एका माणसाच्या मनातलं घर बदललं, ते चालीने सांगितलं आणि गळ्याने पाळलं. हिमशिखरांच्या पदात मला नेहमी एक गोष्ट भिडते : निघून जाणाऱ्याच्या सुरात विजय नाही. तपस्वी परत तपाला लागला, मोह जिंकला, असा डंका कामत वाजवत नाहीत. ज्या गळ्याने कमळ गायलं, त्याच गळ्याने हिमालय गायलेला आहे, आणि कमळाचा ओलावा अजून आत आहे. सत्यवती नाटकभर पुढे जे सोसते, त्याचं सगळं मूळ या दोन पदांच्या मधल्या अंतरात आहे.

इथे थोडं विषयांतर होईल, पण वसईच्या माणसाला ते टाळता येत नाही. ज्या वर्षांत मराठी रंगभूमीवर हे नवं गाणं येत होतं, त्याच वर्षांत रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज निघाला आणि लॅटिनबरोबर लोकभाषेला वेदीवर जागा मिळाली. आमच्याकडे मिस्सा मराठीत आली, गीतं मराठीत आली. पेटी आणि तबला वेदीपासून हाकेच्या अंतरावर येऊन बसले. तोवर लॅटिन शब्दाला अर्थ कळो न कळो, सूर असायचा. आता शब्द कळू लागला आणि प्रश्न उभा राहिला : कळणारा शब्द गायचा कसा? नाटकवाल्यांनाही तोच प्रश्न पडलेला. म्हणूनच बहुधा आमच्या सरांनी मला कामत ऐकवले. मराठी शब्द धरून कसा ठेवायचा याचा धडा त्यांना लॅटिनमध्ये मिळाला नव्हता, तो त्यांनी नाट्यगीतातून घेतला होता.

धडा पूर्ण झाला तो ‘ययाति आणि देवयानी’तल्या पदाने. कामत त्यात कच. संजीवनी विद्या मिळवायला शुक्राचार्यांकडे आलेला, देवयानीचं प्रेम नाकारून परत निघालेला, तिचा शाप घेऊन जाणारा. पुराणात कच म्हटलं की मला नेहमी एक कोरडा, कामापुरता आलेला विद्यार्थी दिसायचा. शिरवाडकरांनी त्याच्या तोंडी शंकराचं स्तवन दिलं आणि अभिषेकींनी ते भैरवीत बांधलं. सगळ्यांना आपलं म्हण, एवढंच मागणारी प्रार्थना. महाराष्ट्रात ते पद आज मैफलींत, शाळांत, शोकसभांतही गायलं जातं, आणि ते एका नाटकातलं आहे हेही पुष्कळांना माहीत नसतं.

त्याची सुरुवात नीट ऐकावी. चार संबोधनं लागोपाठ, चारही आकारान्त. कॉयरमध्ये गायलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येतो, कारण ‘आ’ हा सगळ्यात उघडा स्वर. तोंड पुरतं उघडावं लागतं आणि उघड्या तोंडात काही लपवता येत नाही. सूर किंचित ढळला तरी दिसतो. शिरवाडकरांसारख्या कवीने ही चार दारं एकापुढे एक उघडी ठेवली. कामत त्यातून जातात ते ओरडत नाहीत, देवाला हाक मारायला ओरडावं लागत नाही. प्रत्येक ‘आ’ थोडा निराळा आहे. पहिला उभा राहतो, दुसरा झुकतो, तिसऱ्यात पाण्याचा ओघ आहे, चौथ्यात हात जोडलेले. हे मी कल्पनेने सांगतो असं कुणाला वाटेल. त्यांनी डोळे मिटून ऐकावं. भैरवीचे कोमल स्वर मुळातच काळीज पोखरणारे. त्यांना आणखी रडवायची गरज नसते. बरेच जण हे पद गाताना भैरवीच्या गळ्यात पडतात, प्रत्येक कोमल स्वरावर हुंदका ठेवतात. कामत कोमल स्वरावर जास्त वेळ थांबत नाहीत. वाक्याचा अर्थ पुढे आहे, तिकडे जायचं आहे, म्हणून ते जातात. करुणा मागणारा माणूस करुणेचं प्रदर्शन करत नाही, एवढं साधं कळणं त्या गाण्यात आहे.

आणि श्वास. सर म्हणाले होते, दिसता कामा नये. त्या स्तवनात श्वास घ्यायच्या जागा कवीने दिलेल्या आहेत, पण सगळ्याच वापरल्या तर प्रार्थना तुकड्यांची होते. कामत बऱ्याच ठिकाणी ती जागा सोडून देतात आणि ओळ पुढच्या ओळीत वाहू देतात. मी पेन्सिलीने वहीत शब्द लिहून श्वासाच्या खुणा करायला बसलो होतो. दोन ठिकाणी खात्रीने खूण केली, बाकी खुणा खोडल्या. तुकाराम बीजेच्या कीर्तनात उभ्या-उभ्या तासन् तास गाणाऱ्या बुवांना जी फुप्फुसं लागतात ती इथे आहेत. पण बुवांना ती गर्दीला ऐकू जाण्यासाठी लागतात, कामतांना ती लपवण्यासाठी.

द्युपुईसारख्या ऑपेरेटाच्या गायकांचा गळा ध्वनिमुद्रणाच्या आधीच्या काळात गेला. त्यांचं गाणं आता फक्त वर्णनांत आहे. आपलं नशीब चांगलं, कामतांचं गाणं शिल्लक आहे. नाटकं मात्र तेवढी होत नाहीत. पराशर आता क्वचितच रंगमंचावर येतो, पद मात्र सुटं होऊन फिरतं आणि त्याच्याभोवतीची होडी, सत्यवती, धुकं सगळं गळून पडतं. आशालताही 2020 च्या सप्टेंबरमध्ये गेल्या. पद सुटं झालं की ते सुंदर राहतं, पण कोण कुणाला म्हणतंय हे हरवतं. म्हणून मी कॉयरच्या नव्या मुलांना पद ऐकवण्याआधी गोष्ट सांगतो. पाचूबंदरच्या मुलांना मत्स्यगंधेची गोष्ट सांगायला फार वेळ लागत नाही, ती लगेच होडीत बसतात.

मागच्या शनिवारी सरावानंतर चार मुलं थांबली होती. टेनरची. मोबाइलवर ते भैरवीतलं स्तवन लावलं. पंखा बंद केला, खिडकीतून रिक्षांचा आवाज येत होता तो येऊ दिला. पद संपल्यावर तिघं उठले, चप्पल घालू लागले. चौथा, सातवीतला, आवाज नुकता फुटू लागलेला, बसून राहिला. मग म्हणाला, “अंकल, परत लावा ना. दुसऱ्या कडव्यात त्यांनी श्वास कुठे घेतला ते मला कळलंच नाही.”

मी परत लावलं.